खंबाटकीतली साखळी

मे, रविवार, संध्याकाळ

सलीमची बोटं काकडीएवढी सुजलीत. कात्रज चढलो होतो, पण खंबाटकीच्या घाटात उन्हानं जीव गेला, म्हणून दोघांनी सायकलवरूनच ट्रकची मागची साखळी धरली.

क्लीनर ओरडला, "सोडा रे!"

मी म्हटलं, "काका, आम्ही ढकलतोय म्हणून चाललाय तुमचा डबडा!"

काय गरज होती बोलायची? त्यानं साखळीवर लोखंडी पाना हाणला. मी हात काढला, सलीमची बोटं चेचली.

सायकल टाकून, पळत जाऊन क्लीनरला खाली ओढला, नाक फोडलं. सलीमनंच मला खेचलं. त्याच बोटांनी तो त्याच्या अब्बांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतो.

अब्बांनी विचारलं, "कसं झालं?"

सलीम म्हणाला, "पडलो."

मला अजून कुणाला तरी बडवावंसं वाटतंय. बहुतेक मलाच.