मोठ्यानं वाच

दुबई, ता. ९ फेब्रुवारी १९८५

सौ. गुणवंतीस,
समुद्रापल्याडून पुष्कळ आठवण.

मी खुशाल आहे. जेवण बरं मिळतं, पण तुझ्या हातचं बांगड्याचं तिखलं इथं कुठलं?

बोटीच्या इंजिनाजवळ काम करून कानात शिट्टी वाजायला लागली, म्हणून डॉक्टरकडे जाऊन आलो. काळजीचं काही नाही. मला हाक दोनदा मारावी लागते, एवढंच. आईला सांगू नको. तिचा गुडघा कसा आहे?

डॉक्टरांच्या भिंतीवर कानाचं चित्र होतं. आत तांदळाच्या कणीएवढी हाडं आणि मागं इवलासा शंख. तुला सातवा लागलाय म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, पोटातल्या पोराचा शंख कधीच तयार झालाय, आता ते आईचा आवाज ऐकतं.

मग त्यानं काय काय ऐकलं असेल, गो? बंदरावरचा मासळीचा लिलाव, आईची बडबड, तुझं गुणगुणणं. माझं नाव तेवढं नाही. आई मला 'बाबू' म्हणते, आणि तू 'आमचे हे'.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी येईन तेव्हा पोर बोलायला लागलेलं असेल. त्याची हाक मला पहिल्या खेपेलाच ऐकू यावी, असं गणपतीपुळ्याला गाऱ्हाणं घाल.

आणि हे पत्र मनात वाचू नको. आई मासळी घेऊन बाजारात गेली की दार लोट आणि मोठ्यानं वाच, अगदी खालच्या सहीपर्यंत.

तुझा,
खंडू