दोघांत एकच रॉड

४ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी दादाचा फोन. शनिवारी समुद्रावर चल म्हणे, मासे पकडायला! बोटीवर दोन जागा घेऊनही झाल्या. पहाटे सहाला धक्क्यावर ये, जाड स्वेटर घाल, आदल्या रात्री फार खाऊ नकोस. मी विचारलं, तुला हे चालणार आहे का? तर म्हणे डॉक्टरांना विचारलंय, शुक्रवारी डायलिसिस झालं की शनिवार माझा असतो.

हो म्हणून बसलो. ऐन वेळी बहाणा सुचेल तर शपथ. ही शेगडीपाशी उभी होती, तिथूनच म्हणाली, "विचारणार असतील." काय, म्हटलं. तिने भाकरी उलटली.

काय ते मलाही कळतं. दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. घरात देऊ शकेल असा मी एकटा. तीन आठवड्यांपूर्वी तपासणीला रक्त देऊन आलो — देताना चक्कर आली, नर्सने धरून बसवलं, बेचाळीस वर्षांचा घोडा! — आणि जुळतं की नाही त्याचा रिपोर्ट यायचाय. आलाच जुळून तर? कोणी विचारत नाही. सगळे न विचारता वाट बघतात. त्यापेक्षा विचारलेलं परवडलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट नाही. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून दिवसभर वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सोळा मजली इमारतीची लिफ्ट. केबिनच्या टपावर उभा राहून दोर तपासले, खाली सगळा काळोख. वीस वर्षं हे काम करतोय, पाय कधी लटपटले नाहीत. आणि हॉस्पिटलचा वास आला की आधी बाहेरचं दार शोधतो!

टपावर उभ्या उभ्या वाक्यं जुळवली. दादा, मुली लहान आहेत — थोरली कॉलेजात आहे. खोडलं. दादा, माझं काम वजन उचलायचं — खरंय, पण कारण ते नाही. घाबरलोय, हे कारण. आता हे मोठ्या भावाला कसं सांगतात?

७ फेब्रुवारी, शनिवार

आत्ताच आलो. हाताला वास आहे, दोनदा साबण लावला तरी जात नाही. सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप लागायची नाही.

बोटीवर आम्ही आठ जण. बाकीचे सहा एकाच कारखान्यातले, येताना गप्पा, जाताना गप्पा. बोट चालवणारा आत, आणि बाहेर एक खलाशी — जाडजूड, पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने सुरुवातीलाच प्रत्येकाला खूण दिली. बर्फाची पेटी सगळ्यांची एकच, म्हणून मासा वर आला की तो कात्रीने शेपटी कातरणार: एकाला वर एक खाच, एकाला खाली, एकाला दोन. घरी जाताना ज्याने त्याने आपापली शेपटी बघून मासे उचलायचे. दादाला वर एक, मला खाली एक. मला हे फार आवडलं. भांडण नाही, तंटा नाही.

दादाजवळ पाण्याची छोटी बाटली, तिच्यावर पेनाने रेघा मारलेल्या. दिवसभरात किती प्यायचं ते ठरलेलं. उन्हात आम्ही घटाघटा पितोय आणि हा चूळ भरून थुंकतोय! मी माझी बाटली त्याच्यापासून लपवून प्यायला लागलो. त्याला ते कळलं. "पी की मोकळेपणी," म्हणाला, "मला काही होत नाही."

खडकाळ जागेवर नांगर टाकला. गळाला माकुलाच्या मांसाची पट्टी लावायची, दोरीचं शिशाचं वजन तळाला टेकलं की दोन हात वर घ्यायचं आणि गप्प बसायचं. माझा गळ पहिल्या दहा मिनिटांत खडकात. दुसरा शेजारच्याच्या दोरीत. खलाशाने सोडवताना तोंडातल्या तोंडात मला लाखोली वाहिली. दादाच्या हाताला मात्र तळाचं सगळं कळत होतं. डोळे मिटून बसायचा, आणि अचानक झटका — लागला! पण वर ओढता येईना. डाव्या हातात डायलिसिससाठी नस जोडलीय, त्या हातावर जोर द्यायचा नाही. मग रॉड माझ्याकडे. तो लावणार, मी ओढणार. माझा रॉड ठेवून दिला, दोघांत एकच.

काय काय निघालं! बांगडे एकदम तीन. एक लाल तांबोशी. चपटा लेपा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. हातभर मुशी, म्हणजे छोटा शार्कच, अंगाला काचकागद. पाकट आलं ते खलाशाने पाण्यातच दोरी कापून सोडलं, नांगी लागली तर आपल्याला उचलून न्यावं लागेल म्हणे. तो केबिनच्या दारावर खडूने जाती लिहीत होता. दुपारपर्यंत नऊ झाल्या.

पहिला मासा आला तेव्हाच त्याने कात्री उघडून विचारलं, खूण कोणाची? मी म्हटलं, याची. दादा म्हणाला, त्याची. खलाशी चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिला. "ओढलाय त्याने," दादा म्हणाला, "त्याची कर." आणि दिवसभर तेच. सगळ्या शेपट्यांना खाली खाच. असं का करतोय? मासे देऊन मला उपकारात बांधतोय की काय, असा घाणेरडा विचार मनात आला. आला तो आला, इथे लिहून ठेवतो.

जेवणाच्या वेळी बाकीचे पुढच्या बाजूला गेले. आम्ही दोघंच मागे. दादा बराच वेळ बाटलीच्या रेघांवर बोट फिरवत होता. मग म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

आली वेळ! मला ते त्याच्या तोंडून ऐकवेना. मागितल्यावर नाही म्हणण्यापेक्षा मागायच्या आधी म्हटलेलं बरं, असं काहीतरी डोक्यात. म्हटलं, "थांब, आधी माझं ऐक. दादा, मला नाही जमणार. किडनीचं. रिपोर्ट जुळला तरी नाही. मी घाबरतो."

त्याने बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"बरं," म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. नाही तर नाही. आणि कोणाला खुलासे देत फिरू नकोस."

रागावला नाही. चेहरा पडला का? थोडा पडल्यासारखा वाटला, पण ऊन डोळ्यांवर होतं. मी विचारलं, तू काय सांगणार होतास? काही नाही म्हणाला. तेवढ्यात रॉड वाकला, त्याने झटका दिला, माझ्या हातात दिला. वाम निघाली, सापासारखी लांब, चांगली मनगटाएवढी, आणि तिने सगळ्या दोरीचं चिकट भेंडोळं केलं. ते सोडवताना दादा इतका हसला! मला हसावं की रडावं कळेना. ज्याने आत्ता भावाच्या तोंडून 'नाही' ऐकलं, तो असा हसतो?

परतताना माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. मी तासभर हललो नाही. हात बधिर झाला.

वहिनी धक्क्यावर न्यायला आली होती. पेटीतल्या शेपट्या बघून म्हणाली, भावोजी, तुम्हीच सगळे पकडलेत? यांना काहीच नाही? दादा म्हणाला, आज याचाच दिवस होता.

टोमणा होता का? सरळ म्हणाला का? मला दादा कधी कळलाच नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दंड भरून आलेत, चहाचा कप उचलवत नाही. मासे खाल्ले, चव लागली नाही. मुली खूश.

मी नाही म्हटल्याचं दुःख आहे की त्याने ऐकून घेतल्याचं? दोन शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. ही विचारतेय, काय झालं बोटीवर? म्हटलं, अकरा जाती मिळाल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीचा फोन. रिपोर्ट आला का हो भावोजी, तुम्हाला काही कळवलं का? आवाजात इतकी आशा! म्हणजे दादाने तिला सांगितलेलं नाही. मी काय सांगणार? नाही म्हटलं, अजून नाही. तर म्हणाली, उशीर झाला तरी चालेल, जुळू दे.

तिच्याकडून बोलणी खावी लागू नयेत म्हणून तो गप्प आहे. माझी लाज तो झाकून ठेवतोय. मला हे सहन होत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादा सांगणार काय होता? "एक सांगायचं होतं" म्हणाला. विचारायचं होतं, असं नाही म्हणाला. पण मागणारा माणूसही अशीच सुरुवात करत असेल. डोकं चालत नाही. आज कामावर पाना खाली पडला, आठ मजले. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं.

११ फेब्रुवारी, बुधवार

भीती कमी होईल म्हणून वाट बघत होतो. होत नाहीये. होणारही नाही. मग घाबरत घाबरतच हो म्हटलं तर? टेबलावर झोपवल्यावर कोणी विचारतं थोडंच, घाबरलात का म्हणून! भूल देतात आणि संपलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. देणार. अजून घाबरतोय, पण ठरलं.

हिला अजून सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. उद्या दादा डायलिसिसला असेल. आधी तिथल्या बाईंना भेटून रिपोर्टचं विचारायचं, मी तयार आहे म्हणून नोंद करायची, मग वर जाऊन त्याला सांगायचं. बोटीवरचं विसर म्हणायचं. हिला संध्याकाळी सांगेन.

पहिल्यांदा भूक लागली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या बाईंनी माझं नाव ऐकलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही कशाला खेप घातलीत? जुळत नाही म्हणून तुमच्या भावाला चार तारखेला, बुधवारीच सांगितलं आम्ही. मीच त्याला सांगतो म्हणाले. बोलले नाहीत का?"

बुधवारी. बोटीच्या तीन दिवस आधी. हेच सांगणार होता तो — आणि मी थांब म्हणालो.

वर गेलो. तो मशीनला लावलेला, डोळे मिटून. आता काय सांगू? हो म्हणायला आलो होतो म्हणू? जुळत नाही हे कळल्यावर कोणीही हो म्हणेल. मी दादा असतो तर माझा मी विश्वास ठेवला नसता.

डोळे उघडून म्हणाला, "अरे, तू कसा काय? कामावर नाही गेलास?"

सहज आलो, म्हणालो.