पाहुणीच्या हातून अंघोळ

आई, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि आज मला तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. मी अजून हॅमिल्टनमध्येच आहे, होम केअरच्या त्याच नोकरीत. कुठल्या म्हाताऱ्या माणसाला मदतनीस द्यायची, कुणाची बंद करायची, ते घरी जाऊन ठरवते. आज एल साल्व्हादोरच्या एका आजींकडे गेले होते. मागे त्या बाथटबमध्ये पडल्या, म्हणून अंघोळीसाठी बाई दिली. बाईचा निरोप आला, "इथे मला कामच नाही." म्हणजे मदत बंद करायची.

दार उघडलं तर आजी लिपस्टिक लावून उभ्या. बाथरूम लख्ख, वॉकर कपाटामागे, आणि मदतनीस बाई टेबलाशी संकोचून बसलेली, पुढ्यात चीज भरलेल्या मक्याच्या गरम भाकऱ्या. "रोज असंच," ती म्हणाली. "मी यायच्या आत यांची अंघोळ उरकलेली असते." आजींना फक्त स्पॅनिश येतं. गोदामातली पाळी करून आलेली त्यांची मुलगी आमच्यात दुभाषी झाली होती. "आई म्हणते, पाहुणीकडून कुणी अंगाला साबण लावून घेतं का? शिवाय चर्चमधले म्हणतील, मुलगी असून सरकारची बाई लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, बंद नका करू. मी कामावर असताना ती पुन्हा पडली तर?"

मला तूच दिसलीस. नर्स यायच्या आधी उठतेस, धाप लागलेली असताना माझ्या किचनमध्ये पोहे परततेस. मी ओरडते, "अगं, ती तुझं करायला येतेय!" तू म्हणतेस, "घरी आलेली बाई उपाशी जाईल होय? तुझं ऑफिस ऑफिसात ठेव." नियम सांगून तू कधी ऐकलंस?

म्हणून आज नियम काढलेच नाहीत. मुलीला म्हटलं, "सांग त्यांना, हिला काम दिलं नाही तर हिची नोकरी जाईल. पदरात दोन लेकरं आहेत." बाई तोंड उघडणार तोच मी डोळे वटारले. आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं, ताटलीत आणखी एक भाकरी वाढली, आणि टॉवेल घेऊन स्वतःच बाथरूमकडे निघाल्या. जाताजाता काहीतरी बोलल्या. मुलगी हसली. "म्हणते, आज फक्त केस. पोरीचं पोट चालावं म्हणून."

धडधडीत थाप मारली मी. नोकरी जाणार नव्हती, लेकरंही नाहीत. त्याची टोचणी नाही, तरी मघापासून घरात येरझाऱ्या घालतेय. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. माझं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. घरी मदतनीस हवी का, असं विचारायला हॉस्पिटलचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी ठणकावून सांगितलं, "मला कुणी नको."