सावकाशचं क्रियापद

ब्रह्मा घाट, वाराणसी
१० जानेवारी

प्रिय दादा,

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. तसाही गेलं वर्षभर तू माझ्याशी दोनच वाक्यं बोलतोस, एक माझ्या तब्येतीचं आणि एक तुझ्या सुरुचीच्या अभ्यासाचं, आणि मीही तिसऱ्या वाक्याचा आग्रह धरत नाही. इथे थंडी कडक आहे. सकाळी दहापर्यंत गंगा दिसतच नाही, नुसते नावाड्यांचे आवाज येतात. माझ्या शाळेला चार दिवस सुट्टी वाढवून दिली, म्हणून नानांचं कपाट अखेर आवरलं. त्यांची व्याकरणाची पुस्तकं पाठशाळेला दिली. कोश तेवढे राहू दिले, ते तुझ्याशी बोलल्याशिवाय द्यावेसे वाटले नाहीत.

तू सहावीत होतास. हिंदी शाळेत ‘अवकाश’ म्हणजे छुट्टी असं शिकून आला होतास, आणि घाटाच्या पायऱ्या चढताना नानांना विचारलंस, की सावकाश म्हणजे छुट्टीसकट का? नाना हसले नाहीत. तिथेच थांबले आणि म्हणाले, अवकाश म्हणजे जागा. एक पाऊल टाकलं की दुसरं टाकायच्या आधी मध्ये थोडी जागा ठेवायची, ते सावकाश. आपल्या गल्लीत सगळे ‘आराम से’ म्हणतात, त्यात बसून राहणंही चालतं. सावकाशमध्ये बसणं नाही, जायचं असतंच. मग मास्तरच ते, पुढचंही सांगितलं: हे क्रियाविशेषण आहे, एकटं उभं राहत नाही, त्याला क्रियापद लागतं. सावकाश चाल. सावकाश जेव. सावकाश वाच. तू मागून चढत येताना प्रत्येक पायरीला एकेक क्रियापद जोडत होतास, आणि वर पोचेपर्यंत आईला धाप लागली होती हसून.

तू वेदाध्ययन सोडून इंजिनिअरिंगला पुण्याला निघालास त्या दिवशी मात्र नाना स्टेशनवर आले नाहीत. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, “सावकाश जा.” रिक्षात तू मला म्हणालास, “बघ कस्तुरी, एवढंच. परक्या माणसालाही हेच म्हणतात ते.” मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, मला ते पटलं. पण घरी परत आले तेव्हा नाना तसेच दारात उभे होते. तुझी गाडी सुटून तास झाला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचा गेले काही महिने विचार करते आहे.

आता नानांच्या शेवटच्या तीन महिन्यांबद्दल लिहिते. मागच्या हिवाळ्यात, देवदिवाळीनंतर चार दिवसांनी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, एवढं तुला ठाऊक आहे. तू आलास, आठ दिवस राहिलास, ते सगळे मुके दिवस होते. तू परत गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते, तेव्हा ते अगदी स्पष्ट म्हणाले, “सावकाश.” माझ्या हातून चमचा पडला. मी तुला लगेच फोन केला, तू ऑफिसात रडलास. त्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी तुला सांगितलं नाही. ते म्हणाले होते, “कई मरीज़ों में एक ही शब्द बच जाता है, बेटा. अब वही हर बात के लिए निकलेगा. उसका मतलब मत निकालना.”

तसंच झालं. पाणी हवं असलं तरी सावकाश, उशी टोचली तरी सावकाश, खिडकी उघड, खिडकी लाव, सगळं सावकाश. व्यायाम करून घ्यायला विष्णु यायचा, गाझीपूरचा मुलगा. त्याला मराठी येत नव्हतं. त्याने मला अर्थ विचारला आणि पुढे दुखून नाना ‘सावकाश’ ओरडले की तो हात हळू करायचा आणि म्हणायचा, “जी गुरुजी, सावकाश.” खरं तर नानांना तेव्हा त्याने थांबायलाच हवं असायचं. ते फक्त मला कळायचं. तोडून म्हटलं की पाणी. शेवटचा ‘श’ लांबवला की दुखतंय. आणि डाव्या हाताने माझं मनगट धरून लागोपाठ दोन-तीनदा म्हटलं, म्हणजे जाऊ नकोस, इथे बस. शाळेत निघताना रोज तसंच म्हणायचे. शब्द त्यांचा, क्रियापद माझं, असं आमचं चाललं होतं. दादा, मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. आयुष्यभर त्यांच्या तोंडी तुझं नाव, तुझी बुद्धी, तुझा स्वर. आणि आता त्यांचं बोलणं जगात एकट्या मला कळत होतं.

जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या छातीत कफ झाला. त्या रविवारी दुपारी तू व्हिडिओवर होतास. म्हणालास, “नाना, तिकीट काढलंय, परवा येतो. इथल्या मोठ्या अस्पतालात घेऊन जाऊ तुम्हाला. येऊ ना?” नाना म्हणाले, “सावकाश.” पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, “सावकाश ये म्हणताहेत. घाई नको, होळीला आलास तरी चालेल. तब्येत ठीक आहे.” तू म्हणालास, “बरं.” तिकीट रद्द केलंस. अकराव्या दिवशी नाना गेले. तू विमानतळावरून थेट मणिकर्णिकेवर आलास, आणि बापाचं तोंड पाहिलंस ते तसं.

तेराव्याला घाटावर ओला पंचा पिळताना तू म्हणालास, “शेवटपर्यंत मला दारातच उभं केलं त्यांनी. सावकाश म्हणे.” मी बाजूला उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. वीणावहिनी येऊन तुला वर घेऊन गेली आणि मी तशीच राहिले.

दादा, त्या रविवारी तुझ्या फोनच्या चौकटीत माझा हात दिसत नव्हता. नानांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट, की संध्याकाळपर्यंत वळ होता. त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. ‘ये’ मी जोडलं, आणि होळीही मीच जोडली. तू त्यांना पुण्याला नेशील आणि काशीबाहेर त्यांचा जीव जाईल, ही भीती होती, ती खोटी नाही. पण तेवढीच नव्हती. तू दोन दिवसांत येशील आणि पुन्हा तुझाच मुलगेपणा घरभर होईल, हे मला सोसलं नसतं. फोन बंद झाल्यावर ते काळ्या काचेवर बोट फिरवत राहिले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, “हो, परवा येतोय तो.” त्यांनी मान हलवली. त्या परवाच्या दिवशी ते सकाळपासून दाराकडे तोंड करून निजले होते. विष्णुने कूस बदलायचा प्रयत्न केला तर त्यांनी बदलू दिली नाही. माघ वद्य चतुर्थीला वर्षश्राद्ध आहे. तू यायचं की नाही, माझ्याशी बोलायचं की नाही, हे तू ठरव, माझी तक्रार नसेल. फक्त त्या दिवशी पिंडावर पाणी सोडताना, तुला त्यांनी लांब ठेवलं होतं असं मनात आणू नकोस. लांब मी ठेवलं होतं.

तुझीच,
कस्तुरी