लग्नाचा हिशोब, वाढीव पगारासकट

फेअरबँक्स, अलास्का
२२ डिसेंबर २०१९

ती. मिनीआत्यास,
तिलोचा सा. न. वि. वि.

तुझ्या पेकान-अक्रोडाच्या वड्या पोचल्या. बराकीतला माझा जोडीदार बाऊमन याने मी ड्यूटीवर असताना निम्म्या फस्त केल्या आणि वर जरा कडक झाल्यात म्हणून नाकही मुरडलं. त्याचे बूट रात्रभर हीटरवर वाळत असतात. त्या वासात मी कसा जगतो हे तुला पत्रातून कळायचं नाही, तुझं नशीब!

आता मुद्द्याचं. डोराबद्दल मागे लिहिलं होतं ना? ठेकेदाराकडे बर्फ लोटायचा ट्रक चालवते ती. शुक्रवारी सैन्याच्या पगारवाढीवर राष्ट्राध्यक्षांची सही झाल्याची बातमी आली, तीन टक्क्यांहून जरा जास्तच. मी त्याच संध्याकाळी तिला कॉफीला नेलं आणि लग्नाचं विचारलं. आत्या, मी अगदी तयारीनिशी गेलो होतो. फोनवर पगाराचा तक्ता उघडून तिला दाखवला. लग्न झालं की मी बराकीतून सुटणार, घरभाडे भत्ता सुरू होणार, महागाई भत्ता फुगणार, जेवणाचे पैसे मेसऐवजी आपल्या हातात येणार, आणि या सगळ्यावर जानेवारीपासून तीन टक्के वाढ. शिवाय एकतीस डिसेंबरच्या आत उरकलं तर अख्ख्या वर्षाचा करही कमी बसतो, हेही सांगितलं.

तिनं शांतपणे कॉफी संपवली, बाहेर गेली, ट्रक सुरू केला आणि माझ्या गाडीभोवती छपरापर्यंत बर्फाचा ढीग रचून निघून गेली. मी मेसमधल्या आमटी वाढायच्या डावानं गाडी उकरली. तेव्हापासून फोन उचलत नाही. माझं कुठे चुकलं ते तू सांग, तू सैन्याच्या पगारखात्यात जन्म काढलास. आत्या, मला ती हवी आहे. तिच्याशिवाय मला इथला हिवाळा सोसवणार नाही.

तुझा लोभ आजवर न मागता मिळाला, या वेळी मागतो.
तुझा,
तिलो


डेल रिओ, टेक्सस
३० डिसेंबर २०१९

चि. तिलोस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारची एल्विरा काय झालं म्हणून कुंपणापाशी आली. मी तिलाही वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पोरीनं गाडीवर बर्फ टाकला हे कमीच केलं, आत तुला बसवून टाकायला हवा होता.

अरे गाढवा, तुझं दोन्हीकडे चुकलं. आधी सोपी चूक सांगते. वार्षिक वाढ मिळते ती फक्त मूळ पगारावर. बाहेरच्या नोकरदारांचे पगार किती वाढले ते बघून तो आकडा ठरतो. घरभाडे भत्त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तो तिथली भाडी, तुझा हुद्दा आणि घरी बायको आहे की नाही यावर ठरतो. जेवणाचा भत्ता किराण्याच्या भावावर. महागाई भत्ता तर कधी खालीही येतो. तू सगळं एका पातेल्यात घालून वरून तीन टक्क्यांची फोडणी दिलीस! आणि खरी वाढ विसरलास ती विसरलासच. मार्चमध्ये तुझी तीन वर्षं भरतात, तेव्हा नोकरीच्या वर्षांप्रमाणे मूळ पगार आपोआप एक पायरी चढेल. त्याला ना सही लागते ना बायको.

आता अवघड चूक. माझ्या टेबलापुढे किती पोरं आली असतील! शुक्रवारी मुलीची ओळख, सोमवारी लग्नाचा दाखला आणि भत्ता कधीपासून म्हणून विचारणा. बराकीतून पळण्यासाठी केलेली लग्नं ती. त्यातली बरीचशी पुढच्या बदलीपर्यंतही टिकली नाहीत. छावणीच्या गावातल्या मुलींना हे आईच्या दुधाबरोबर कळतं. डोरानं तुला त्याच रांगेत उभं पाहिलं, आणि तू तिथे आपल्या पायांनी जाऊन उभा राहिलास. तिचे डोळे, तिचं हसणं, तिच्याशिवाय हिवाळा सोसत नाही, हे तू मला लिहितोस. तिला काय सांगितलंस? कर कमी बसतो!

सोबत एक बंद पाकीट आहे. ते तिला नेऊन दे. उघडलंस तर मला कळेल.

तुला अक्कल येवो, वाढ तर येतेच आहे.
तुझी,
मिनीआत्या


(बंद पाकिटातलं)

डेल रिओ, टेक्सस
३० डिसेंबर २०१९

चि. डोरास आशीर्वाद.

आपली ओळख नाही, तरी एकेरीत लिहिते. तू त्या गाडीचं जे केलंस त्यानंतर परकी वाटत नाहीस. मी तिलोची आत्या. त्याची आई लवकर गेली, त्याला मी वाढवलंय, तेव्हा माल कसा आहे ते मला ठाऊक आहे. तो लबाड नाही. मूर्ख आहे. घाबरला की आकडे बोलायला लागतो, ती खोड बहुधा माझीच.

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, मी त्याच्या बाजूची. तूच पारखून घे. त्यानं तुला हिशोब सांगितला ना, तूही एक सांग. लष्करी जवानाच्या बायकोला दवाखाना जवळजवळ फुकट असतो. त्यासाठी लग्न करते म्हण, आणि त्याचं तोंड बघ. मान खाली घालून आकडेमोड करायला लागला तर पुन्हा बर्फ टाक, या वेळी माझ्या नावानं.

जे होईल ते मला कळव. माया कुणावर करायची ते मग ठरवीन.
तुझी,
एर्मिनिया सामारिपा


फेअरबँक्स, अलास्का
१७ जानेवारी २०२०

ती. मिनीआत्यास,
सा. न. वि. वि.

पाकीट दिलं. उघडलं नाही, दिव्यासमोर धरून मात्र बघितलं, तू जाडच घेतलं होतंस. तिनं ट्रकमध्ये बसून वाचलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, तुझ्या आत्याला सांग, बाई कामाची आहे. म्हणजे काय ते तूच जाण.

परवा पंधरा तारखेचा पगार झाला. तू म्हणालीस तेच खरं. वाढ आली ती कर वजा जाऊन एवढीशी की त्यात फार तर चांगल्यापैकी हातमोजे येतील. बाऊमननं मात्र त्या वाढीच्या जोरावर टीव्हीचा हप्ता बांधून घेतलाय. मी त्याला तुझा पातेल्याचा दाखला ऐकवला, त्याला काही समजला नाही.

मला आता भत्ता नको, खोली नको, बुटांचा वासही चालेल. डोरा कधी हसून बोलते, कधी गप्प बसते. पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि कायमचं नाही आलं तर?

पत्राला उशीर लावू नकोस, जीव टांगलेला आहे.
तुझा,
तिलो


फेअरबँक्स, अलास्का
९ फेब्रुवारी २०२०

ती. एर्मिनियाआत्या यांना,
डोरा देमेंतिएफ हिचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. काल त्याला नदीकाठी नेलं. थंडी अशी की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. मी सांगितलं की क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा कामातून गेलाय, ठेकेदार विमा देत नाही, शस्त्रक्रियेला पैसे नाहीत. म्हणून तुझ्याशी लग्न करते, दवाखान्यासाठी. बोल, चालेल का?

मी त्याच्या तोंडाकडे टक लावून होते. वाटलं, आता फोन काढेल, तक्ता उघडेल. आत्या, त्यानं हात खिशातून बाहेरसुद्धा काढला नाही. म्हणाला, गुडघ्यासाठी कर, कशासाठीही कर, पण कर. मला रडू आलं. पापण्या चिकटल्या, त्या त्यानं तोंडाच्या वाफेनं सोडवल्या.

लग्न एप्रिलमध्ये, बर्फाचं काम ओसरल्यावर. करवाल्यांनी काय समजायचं ते समजावं. तुम्ही यायचंच, एल्विराबाईंनाही आणा.

एक मात्र त्याला कळू देऊ नका. माझा गुडघा ठणठणीत आहे. बिचारा कालपासून मला ट्रकमधून हाताला धरून उतरवतो, कॉफीच्या दुकानात खुर्ची पुढे ओढतो. वीस टनांचा ट्रक चालवणारी बाई मी, पण खरं सांगते, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. लग्नापर्यंत मी लंगडणार आहे.

तुमची माया कुणावर करायची ते ठरलं असेल, तर थोडी इकडेही पाठवा.
तुमची होऊ घातलेली,
डोरा