माहेरच्या आडनावाने

४ नोव्हेंबर
नसरीन आणि मी शाळेतून एकाच सायकलवर घरी यायचो. ती पेडल मारायची, मी मागे बसून रस्ता सांगायची, जो तिला माहीतच असायचा. आज शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या वेबसाइटवर तिचा लेख टाकला. वर्षभर मागे लागले, तेव्हा लिहिला. रविवारी मेळाव्यात होमपेज मोठ्या पडद्यावर दाखवायचं आहे. मलकापूरहून ती नातीला, इरमला घेऊन येणार, खास तो लेख बघायला.

५ नोव्हेंबर
होमपेजवर नवा लेख आधी लागतो. ही काय पद्धत? आमची हजेरी आडनावांच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे व्हायची. लेखही माहेरच्या आडनावानेच लागले पाहिजेत. सून अनुजा म्हणाली, आई, क्वेरी, म्हणजे लेख निवडायची आज्ञा, बदलावी लागेल, मी करून देते. नको म्हटलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी आम्हाला स्वावलंबन शिकवलंय.

६ नोव्हेंबर
प्रत्येक लेखाला ‘माहेरचं आडनाव’ हा रकाना जोडला. नमुन्यादाखल माझ्या लेखांत भरला. बाकीच्यांची आडनावं काय, सगळ्यांना पाठ आहेत.
दुपारी कोड टाकला. साइट पांढरीफटक. एक सेमीकोलन राहिला होता. एवढ्याशावरून रुसायचं?

७ नोव्हेंबर
जमलं. पहिलाच लेख माझा, घोरपडे. खरं तर आपटे तेजस्वी माझ्याआधी हवी होती, पण ती शाळेतही उशिराच यायची.

८ नोव्हेंबर
तेजस्वीचा फोन. म्हणाली, बाई गं, वेबसाइटवर तू एकटीच की. रिफ्रेश कर म्हटलं.
अनुजा म्हणाली, आई, ज्यांचा रकाना रिकामा, ते लेख या क्वेरीत येतच नाहीत. सूनबाईंना माझ्या कामात खोट दिसणारच. तरी उद्या सकाळी भरेन. आज साडीला इस्त्री.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी पार्लरमध्ये वेळ गेला.
पडद्यावर माझे सात लेख. मग परत माझाच पहिला. तेजस्वी सगळ्यांदेखत म्हणाली, आम्ही सासरी गेलो हेच चुकलं बघ. सगळ्या हसल्या. नसरीन हसली नाही. इरमला सांगत होती, थांब, येईल की. शेवटपर्यंत थांबली. मग मला म्हणाली, राहू दे गं, लांब जायचं हाय. जेवली नाही.

१० नोव्हेंबर
वेबसाइट अनुजाला. होमपेजवर सगळ्यांत वरची जागा नसरीनच्या लेखाला, कायमची. त्याची ठळक अक्षरांत छापलेली प्रत मलकापूरला, इरमच्या नावाने. काल मेळाव्यात मला मिळालेली सत्काराची शाल तेजस्वीला. अनुजाने पासवर्ड आजच बदलावा आणि मला सांगू नये. मी मागितला तरी.