दहापर्यंत

प्रिय दादा,

परवा तू बाबांच्या रेकॉर्डिंगचं विचारलंस आणि मी "पाठवते" म्हणून घाईघाईने फोन ठेवला. आता लिहूनच सांगते. तोंडाने सांगायला गेले की रडू फुटतं, मग तूच मला समजावत बसशील.

माझं खूळ तुला माहीत आहे, म्हणून तर तू मला चिकटपट्टी म्हणतोस. जगात मोजकी डोकी वापरतात ती ऑपरेटिंग सिस्टीम मी दहा वर्षं उराशी धरून बसले आहे. तिच्यावर आवाज रेकॉर्ड करायला धड सॉफ्टवेअर नव्हतं. दुसऱ्या सिस्टीमवर चालणारं, कुणालाही उघडून बदलता येणारं एक होतं. ते मी इथे चालवायचा घाट घातला. बाबांच्या लिफ्टदुरुस्तीच्या गोष्टी त्याच्यावर सगळ्यात आधी रेकॉर्ड करायच्या, असं बाबांनी आणि मी ठरवलं होतं. "फोनवर कर की, दोन मिनिटांचं काम," असं तू म्हणालास, तेव्हा मी तुला हसले होते.

रोज संध्याकाळी बाबा चहा घेऊन माइकसमोर बसायचे, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. मी चिडवायची, आवाजाला कसली इस्त्री! चाचणी म्हणून ते दहापर्यंत मोजायचे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेरून धीर द्यायला मोजायचे ना, अगदी तसंच, सावकाश. सहा वर्षांचा असताना तू अडकलास, तेव्हाही त्यांनी असंच मोजलं होतं. दहा झाले की मला विचारायचे, "उघडलं का दार?" दार काही उघडायचं नाही. आवाज तडतडायचा, मध्येच तुटायचा. मग ते एखादी गोष्ट सुरू करू लागले की मीच त्यांना थांबवायची. आत्ता नको, वाया जाईल. आणि काम आवरताना चाचणीच्या सगळ्या फायली पुसून टाकायची. माझी ती स्वच्छतेची सवय, आईकडून आलेली.

असे आठ महिने गेले. मग त्या मंगळवारी सकाळी बाबा बूट घालता घालता गेले. तू आलास, तेरा दिवस राहिलास, परत गेलास. त्याच आठवड्यात मला चूक सापडली. एका ओळीची होती रे. आता सगळं झकास चालतं. हीच सिस्टीम वापरणारे लोक कुठून कुठून आभार मानतात. ते निरोप मला उघडवत नाहीत.

दादा, गोष्टी नाहीत. एकही नाही. तुझ्या लेकीला आजोबांचा आवाज ऐकवायचा म्हणून तू मागतोयस आणि मी माझ्या हट्टापायी तो पुसत बसले. मला रागव, पण फोन करून रागव. एकच फाईल उरली आहे. बिघाड कसा आहे ते दाखवायला मी ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तक्रारीसोबत पाठवली होती, म्हणून त्यांच्याकडे राहिली. तीच या पत्रासोबत देते आहे. एकोणीस सेकंदांची आहे. तडतड काढता येते मला, पण हात लावायचा धीर होत नाही. सात ऐकू येत नाही, बाकी सगळे आकडे आहेत. शेवटी बाबा विचारतात, "उघडलं का दार?" आणि त्यावर माझा आवाज आहे, चांगला स्वच्छ आलाय: "नाही हो बाबा. उद्या बघू."

तुझीच,
चिकटपट्टी